पगार अडकलाय, विमानं परत चाललीत, सोडू की थांबू?

प्रश्न : सर नमस्कार, मी कसबा बावड्याचा, वय २७, एका छोट्या रीजनल एअरलाईनमध्ये एटीआर ७२ ह्या छोट्या विमानावर फर्स्ट ऑफिसर (को-पायलट) आहे, उड्डाणाचे तेराशेच्या वर तास झालेत. गेले काही महिने पगार अर्धाच येतोय, दोन विमानं ती भाड्यानं देणारे लीजवाले घेऊन गेले आणि रोस्टर रिकामं पडत चाललंय. सीपीएलसाठी (कमर्शियल पायलट लायसन्स) घरावर लोन काढलंय. वडील म्हणतात अडकलेला पगार मिळेपर्यंत सोडू नको, मित्र म्हणतात आजच राजीनामा टाक. काय करू?

उत्तर : भावा, वडिलांचा जीव तुटतोय ते कळतं, पण अडकलेल्या पगारासाठी तिथं थांबू नकोस. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली आणि सुप्रीम कोर्टाने लिक्विडेशनचा (कंपनी विकून देणी फेडायचा) आदेश दिला नोव्हेंबर २०२४ मध्ये, म्हणजे साडेपाच वर्षं लोक नुसते वाट बघत होते, आणि त्यानंतरही वसुलीच्या रांगेत बँका असतातच. तो पैसा मिळाला तर मिळाला, त्याच्यावर हप्त्याचा हिशोब मांडू नको.

थांबायचं कारण असलंच तर ते तुझे तास आहेत. एटीपीएलला, म्हणजे एअरलाईन पायलटच्या वरच्या लायसन्सला, १५०० तास लागतात, तू जवळ आलायस, आणि एटीपीएल नसेल तर कॅप्टन होता येत नाही. म्हणून विमान उडतंय तोवर उड, आणि रिकाम्या रोस्टरच्या दिवसांत एटीपीएलचे पेपर आणि व्हायव्हा (तोंडी परीक्षा) उरकून टाक. आजच राजीनामा मात्र नको. डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या, २०१७ च्या नियमाने फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, कंपनीने एनओसी (ना-हरकत पत्र) दिली तरच त्याच्या आधी सुटका, तेव्हा आधी दुसरीकडची ऑफर लेखी घे आणि मग एनओसीचं बोल. सध्या विमानंच कमी असल्यामुळे तुला सोडायला ते फार ताणणार नाहीत असं मला वाटतं.

विमानं परत गेली ही गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नको. गो फर्स्ट ही एअरलाईन मे २०२३ मध्ये बंद पडली तेव्हा लीजवाल्यांची विमानं महिनोन् महिने कोर्टात अडकून पडली होती, पण आता २०२५ च्या नव्या कायद्याने त्यांना विमान परत न्यायला बराच मोकळा रस्ता मिळालाय. त्यामुळे पाच-सहा विमानांची कंपनी आता आधीपेक्षा लवकर रिकामी होऊ शकते. आणि उडान योजनेतल्या (छोट्या शहरांच्या विमानसेवेची सरकारी योजना) रूटवर सरकारी मदत तीन वर्षांचीच असते, ती संपली की कितीतरी रूट गुंडाळले जातात, हे आपण कोल्हापुरात बसून बघितलंय की.

आता कागदांचं, आणि हे ह्याच आठवड्यात कर. मला भेटलेल्या एका पोराच्या लॉगबुकात (उड्डाणाच्या तासांची वही) शेवटच्या वर्षाची पानं कंपनीच्या सहीशिवाय तशीच राहिली होती, कंपनीला कुलूप लागलं, सही करणारे साहेब दुसऱ्या शहरात नोकरीला गेले, आणि नवीन ठिकाणी इंटरव्ह्यूमध्ये तास विचारले तेव्हा ह्याच्याकडं दाखवायला काही नाही. पोरगं खरं उडालेलं होतं हो, पण सिद्ध कसं करणार? म्हणून लॉगबुक आजपर्यंतचं सर्टिफाय करून घे, डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवरच्या नोंदी जुळतात का बघ, टाईप रेटिंग (ठरावीक विमान उडवायची परवानगी), सीआरएम (क्रूच्या टीमवर्कचं ट्रेनिंग), डीजीआर (धोकादायक मालाचं ट्रेनिंग), सिम्युलेटर चेकचे रिपोर्ट, सगळ्याच्या कॉप्या घरी आणून ठेव. सोबत पीएफचं पासबुक उघडून पैसे खरंच भरलेत का आणि आयकराच्या पोर्टलवर टीडीएस दिसतोय का तेही तपास, पगार थकवणाऱ्या कंपन्या बऱ्याचदा इथंच पहिला हात मारतात.

करन्सीचं, म्हणजे उडवायची पात्रता चालू ठेवायचं, भान ठेव. ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग, सहा महिन्यांनी पीपीसी (कौशल्याची चाचणी), वर्षाला आयआर (इन्स्ट्रुमेंट रेटिंगची चाचणी), क्लास वन मेडिकल. कंपनी बंद पडली की सिम्युलेटरचा खर्च तुझ्या खिशातनं, म्हणून सिम्युलेटर चेक जवळ आला असेल तर आत्ताच मागून घे.

मार्केट वाईट नाहीये. इंडिगो, अलायन्स एअर, फ्लाय९१ ह्यांच्याकडं एटीआर आहेत, तिथं तुझं रेटिंग जसंच्या तसं चालेल. एअरबसचं रेटिंग स्वतः पैसे भरून करायचं असेल तर नोकरीची लेखी खात्री असल्याशिवाय नको, घरावर एक लोन आहेच. वडिलांना शेजारी बसवून हप्त्याचा आकडा मांडा, आणि हप्ता चुकायच्या आधी बँकेत जाऊन मॅनेजरला भेटा.

प्रश्न : मुलगा बारावी सायन्स झालाय, पायलट व्हायचं म्हणतो. गडहिंग्लजजवळ दोन एकर आहे, ते विकावं का?

उत्तर : ताई, जमीन विकू नका, निदान आत्ता तरी नाही. सीपीएलचा खर्च पन्नास लाखांच्या खाली क्वचितच येतो आणि लायसन्स हातात आलं तरी नोकरी लगेच लागेल असं कुणीच सांगू शकत नाही. आधी डीजीसीएचं मेडिकल करून घ्या, डोळ्यांत नाहीतर कानात काही निघालं तर ते फी भरायच्या आधी कळलेलं बरं. मग नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशनचे पेपर त्याला घरी अभ्यास करून देऊ देत. ते निघाले की बारामती, गोंदिया दोन्हीकडच्या फ्लाईंग स्कूलला स्वतः जा आणि तिथल्या शिकणाऱ्या पोरांना एकच विचारा, २०० तास पूर्ण व्हायला प्रत्यक्षात किती महिने लागले. ऑफिसातल्या माणसाला विचारू नका, पोरांनाच विचारा.