इन-बिल्ट ग्राफिक्सवाला बजेट प्रोसेसर : आधी रॅम बघा

तुमचा प्रश्न मला असा कळला : घरासाठी एकच डेस्कटॉप असेंबल करायचाय, ग्राफिक्स कार्डाला सध्या बजेट नाही. ऑफिसचं काम, व्हिडिओ आणि जमले तर थोडे गेम एवढी अपेक्षा. एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा इन-बिल्ट ग्राफिक्सवाला प्रोसेसर मनात भरलाय, पण एक रिव्ह्यू त्याला डोक्यावर घेतो आणि दुसरा म्हणतो की गेमच्या नावाने बोंब. कार्ड पुढेमागे टाकाल, 'बहुतेक'.

दोन्ही रिव्ह्यू खरे असू शकतात. अशा प्रोसेसरचा रिव्ह्यू वाचताना मी सगळ्यात आधी 'टेस्ट सिस्टिम'चा तक्ता उघडतो आणि त्यात रॅमची ओळ शोधतो. ती दिलेलीच नसेल तर गेमचे आकडे वाचत बसत नाही.

कारण सांगतो. वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर त्याची स्वतःची मेमरी असते. जीटीएक्स १६५० सारख्या जुन्या, साध्या कार्डालाही सेकंदाला १२८ जीबी डेटा मिळतो आणि तो सगळा त्याच्या एकट्याचा. इन-बिल्ट ग्राफिक्सकडे असं स्वतःचं काही नसतं. ते सिस्टिमची रॅम वापरतं, आणि त्याच रॅमवर प्रोसेसरचे कोरही पोसायचे असतात. एका नळावर दोन बिऱ्हाडं, असा प्रकार. आता हिशेब बघा : डीडीआर४-३२०० ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी देते, दोन स्टिक ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे डेटाचे दोन मार्ग एकदम वापरून, ५१.२ जीबी. म्हणजे १६ जीबीची एक स्टिक घेतली की ग्राफिक्सचा अर्धा पुरवठा तुम्ही स्वतःच्या हाताने बंद केला. "दुसरी स्टिक नंतर टाकू" हा सल्ला कार्ड असलेल्या पीसीला एक वेळ चालेल, इथे नाही. ८ जीबीच्या दोन घ्या.

दोन स्टिक लावूनही काम अर्धवट राहू शकतं. ३२०० म्हणून विकलेली रॅम बऱ्याचदा २१३३ किंवा २६६६ वर चालू होते, कारण बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारं सेटिंग, चालू केलेलं नसतं. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर प्रोसेसरच्या बाजूने मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये स्टिक लावायच्या. शेजारी शेजारी लावल्या तर बहुतेक बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनलवर जातात. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर स्पीड दिसतो, सीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये चॅनलही कळतं. सीपीयू-झेडने १६०० मेगाहर्ट्झ दाखवलं तर घाबरू नका, डीडीआरमध्ये त्याची दुप्पट धरायची.

डीडीआर५ या पुढच्या पिढीच्या रॅममध्ये एक वेगळीच गंमत आहे. तिच्या प्रत्येक स्टिकमध्ये ३२ बिटांचे दोन उपचॅनल असतात, त्यामुळे एका स्टिकलाच 'ड्युअल चॅनल' म्हणून खपवणारे भेटतात. बेरीज ६४ बिटच होते, म्हणजे नेहमीच्या एका चॅनलएवढीच. डीडीआर५-५२०० ची एक स्टिक ४१.६ जीबी देते, म्हणजे डीडीआर४-३२०० च्या जोडीपेक्षाही कमी. नवा प्लॅटफॉर्म घेऊन एकच स्टिक लावणाऱ्यांचा विरस होतो तो इथेच.

रॅमचं हे महत्त्व पटलं की मॉडेल नंबरांचा बराच गोंधळ आपोआप निवळतो. जुन्या रायझन ५ ३४००जी मध्ये व्हेगा ११ हे इन-बिल्ट ग्राफिक्स आहे आणि ५६००जी मध्ये व्हेगा ७ (आकडा ग्राफिक्सच्या युनिटांचा), म्हणून जुना भारी असं वाटतं. पण जुन्याचं ग्राफिक्स १४०० मेगाहर्ट्झला चालतं, नव्याचं १९०० ला. प्रत्यक्षात दोघं जवळपास बरोबरीत येतात आणि कोरच्या बाबतीत ५६००जी कितीतरी पुढे आहे : तिकडे झेन प्लस या जुन्या पिढीचे ४ कोर, इकडे नव्या झेन ३ चे ६. तसंच ५७००जी चं. त्याचं व्हेगा ८ कागदावर मोठं आहे, पण रॅम तीच असल्यामुळे गेममध्ये फारसा फरक दिसत नाही. ८ कोर हवे असतील तरच त्याचे जास्त पैसे द्या, ग्राफिक्ससाठी नको.

५६००जी कडून गेममध्ये काय मिळेल? व्हॅलोरंटसारखे हलके ऑनलाइन गेम १०८०पी ला कमी सेटिंगवर छान. काही वर्षांपूर्वीचे मोठे गेम ७२०पी किंवा ९००पी ला, सेटिंग खाली आणून. नवे भारी गेम सोडून द्या. काही तर सुरूच होणार नाहीत, कारण व्हेगामध्ये रे ट्रेसिंगचं हार्डवेअर नाही आणि २०२५ च्या 'डूम : द डार्क एजेस'ला ते लागतंच. रिव्ह्यूत सरासरी फ्रेम रेटच्या (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांच्या) शेजारी '१ टक्का लो', म्हणजे सगळ्यात मंद १ टक्का फ्रेमचा वेग, दिला असेल तर तो आधी बघा. सरासरी ६० आणि लो २५ असेल तर खेळताना धक्के बसणार. आणि ज्या रिव्ह्यूत प्रोसेसरला महागडं कार्ड जोडून गेम तपासलेत, त्यातून इन-बिल्ट ग्राफिक्सबद्दल काहीही कळत नाही. तुमच्या दुसऱ्या रिव्ह्यूचा राग मला तसल्याच तक्त्यातून आलेला वाटतो.

बायोसमध्ये ग्राफिक्ससाठी किती रॅम राखून ठेवायची याचं सेटिंग असतं. २ जीबी पुरे. ४ किंवा ८ केल्याने वेग वाढत नाही, कारण गरज पडली की विंडोज आणखी रॅम वापरायला देतंच. आकडा वाढवण्याचा फायदा फक्त मेमरी कमी दिसली की अडून बसणाऱ्या गेमपुरता.

आता तुमचं ते 'बहुतेक'. खरा निर्णय त्यावरच अवलंबून आहे. ५६००जी मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) १६ एमबी आहे, इन-बिल्ट ग्राफिक्स नसलेल्या ५६००एक्स मध्ये ३२. कार्ड टाकल्यावर गेममध्ये हा फरक जाणवतो. शिवाय कार्ड ज्या मार्गाने प्रोसेसरला जोडलं जातं त्या पीसीआय एक्सप्रेसच्या जुन्या ३.० आवृत्तीवरच ५६००जी थांबतो. आरएक्स ६४०० किंवा ६५०० एक्सटी सारखी स्वस्त कार्डं या मार्गाच्या फक्त ४ लेन वापरतात, ती ४.० साठी बनलेली, ३.० वर त्यांची बँडविड्थ निम्मी होते. म्हणजे बजेट प्रोसेसरला बजेट कार्ड ही जोडी ऐकायला साजेशी वाटते, पण नेमकी तीच इथे मार खाते. कार्ड सहा महिन्यांत नक्की येणार असेल तर ५६००जी घेऊ नका. इंटेलचा आय३-१२१०० घ्या. त्याचं इन-बिल्ट यूएचडी ७३० ग्राफिक्स गेममध्ये व्हेगाच्या बरंच मागे आहे, पण डेस्कटॉप आणि व्हिडिओ आरामात सांभाळतं, वर एव्ही१ या नव्या फॉरमॅटचा व्हिडिओ हार्डवेअरवर डिकोड करतं, जे ५६००जी ला येत नाही. कोर ४ च आहेत, हे मात्र ध्यानात ठेवा. कार्ड येणारच नसेल, किंवा कधी येईल ते देव जाणे असं असेल, तर माझं मत ५६००जी कडे. ५६००जीटी त्याच दरात मिळाला तर तो घ्या. चिप तीच, बूस्ट (कमाल वेग) ४.४ ऐवजी ४.६ गिगाहर्ट्झ.

बजेट थोडं ताणता आलं तर रायझन ५ ८६००जी चा विचार करा. त्यातलं रेडिऑन ७६०एम व्हेगाच्या एक पायरी वर आहे, डीडीआर५ ची जोडी त्याला पुरेसा डेटा देते आणि एव्ही१ सुद्धा आहे. फक्त बोर्ड आणि रॅम धरून एकूण बेरीज करा, कारण त्या रकमेत कधीकधी साधा प्रोसेसर आणि सेकंडहँड कार्ड बसतं. ८५००जी मात्र नावावरून जवळचा वाटला तरी त्यात ग्राफिक्सचे ८ ऐवजी ४ च युनिट आहेत, आणि पुढे कार्ड लावलं तर त्याला फक्त ४ लेन मिळतात. तुमच्यासारख्या कुंपणावर बसलेल्याने तो टाळावा.

नावं नीट वाचा. रायझन ५ ५५०० मध्ये ग्राफिक्स नाही, आय३-१२१००एफ मध्येही नाही. इंटेलच्या नावाशेवटी 'एफ' म्हणजे स्क्रीन काळी. रायझन ५ ७६०० मध्ये ग्राफिक्स आहे, पण २ युनिटचं, डिस्प्ले दाखवण्यापुरतं.

सेकंडहँडमध्ये रायझनचे जुने २२००जी आणि २४००जी खूप फिरतात. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत ते नाहीत आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्स वापरणार असाल तरच बघा. ३२००जी यादीत बसतो, पण ४ कोर आणि ४ च थ्रेड आता तोकडे पडतात.

राहता राहिला बोर्ड. मॉनिटर बोर्डाच्याच पोर्टला लागणार, त्यामुळे तिथलं एचडीएमआय कोणतं ते आधी तपासा. काही जुन्या स्वस्त बोर्डांवर १.४ असतं, त्यावर ४के मॉनिटर ३० हर्ट्झलाच चालतो आणि माउस हलवतानाही ते जाणवतं. एएम४ चा (५६००जी ज्या सॉकेटमध्ये बसतो त्याचा) जुना बोर्ड असेल तर ५६००जी साठी बायोस अपडेट झालंय का, हे विकणाऱ्याकडून लावून दाखवून घ्या. बोर्डाचं मॉडेल आणि मॉनिटरचं रिझोल्यूशन सांगितलंत तर पोर्टचं मी बघून सांगतो.