मेरिट लिस्ट, वेटिंग लिस्ट आणि बर्फावरची हॉकी

प्रश्न : आमची मुलगी अमेरिकेत मिशिगन टेक विद्यापीठात एम. एस. करते. तिच्यामुळे तिथल्या आइस हॉकी संघाचे वेड आम्हालाही लागले आहे. शनिवारी आणि रविवारी पहाटे साडेपाचला उठून मी गॅसवर चहा ठेवते आणि मोबाइलवर सामन्याचा स्कोअर पाहत बसते. मध्यंतरी संघ जिंकला, तरी राष्ट्रीय क्रमवारीत खाली आला. मुलगी म्हणते, ‘आई, आता पेअरवाइजमध्ये वर येणं कठीण आहे.’ जिंकून खाली जाण्याचा हा कुठला न्याय? आणि राष्ट्रीय स्पर्धेची आशा धरावी की सोडावी?
— एक पालक, भुसावळ

उत्तर : आपण भुसावळच्या आहात, त्यामुळे आरक्षणाचा तक्ता आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको. अमेरिकेत विद्यापीठांच्या क्रीडास्पर्धा भरवणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या पहिल्या श्रेणीत पुरुषांच्या आइस हॉकीचे साठाहून अधिक संघ आहेत आणि मार्चअखेरच्या राष्ट्रीय स्पर्धेत जागा आहेत फक्त 16. संघ सहा कॉन्फरन्समध्ये, म्हणजे सहा लीगमध्ये, विभागलेले आहेत. प्रत्येक लीगची स्वतःची अंतिम स्पर्धा असते आणि ती जिंकणाऱ्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. हा झाला कोटा. उरलेल्या दहा जागा मेरिट लिस्टवर भरल्या जातात. मेरिटमध्ये आधीच वर असलेल्या संघाने लीगही जिंकली, तर कोट्याचे तिकीट त्याच्याच नावावर जाते आणि खालच्या वेटिंगवाल्याची सोय होते. पण यादीत कुठेच नसलेला एखादा संघ लीग जिंकून गेला, की वेटिंगमधला एक संघ फलाटावरच राहतो. म्हणून मार्चमध्ये आपल्या संघाचा सामना नसलेल्या दिवशीही त्याची शक्यता वरखाली होत असते.

आता आपला मूळ प्रश्न. ही मेरिट लिस्ट परवापरवापर्यंत पेअरवाइज या पद्धतीने लागत असे. तीत प्रत्येक संघाची दुसऱ्या प्रत्येक संघाशी एकास एक तुलना होत असे आणि ज्याने अधिक तुलना जिंकल्या तो वर जात असे. या तुलनांचा कणा म्हणजे आरपीआय नावाचा निर्देशांक. त्यात संघाच्या स्वतःच्या विजयांच्या टक्केवारीला फक्त 25 टक्के वजन होते, प्रतिस्पर्ध्यांच्या टक्केवारीला 21 टक्के, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या टक्केवारीला तब्बल 54 टक्के. म्हणजे रुपयातले बारा आणे दुसऱ्यांच्या हातात. मी एकदा हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर हे मांडून पाहिले. समजा, आपल्या संघाचा आरपीआय .560 आहे आणि त्याची गाठ अशा दुबळ्या संघाशी पडली, ज्याने शंभरात वीसच सामने जिंकले आहेत आणि ज्याचे प्रतिस्पर्धी शंभरात 48 जिंकतात. आपण जिंकलो, तर त्या सामन्याचे मोल .25 अधिक .042 अधिक .259, म्हणजे साधारण .551 भरते. जिंकूनही हा आकडा आपल्या सरासरीच्या खालीच! मार्कशीटवर 92 टक्के असलेल्या मुलाला नव्या विषयात 90 गुण मिळाले, तर एकूण टक्केवारी घसरते, तसाच हा प्रकार. ही विसंगती नियम करणाऱ्यांच्याही लक्षात आली होती, म्हणून निर्देशांक खाली ओढणारे विजय हिशेबातून वगळण्याची तरतूद होती. तरीही शेजारच्या संघाने त्याच आठवड्यात अधिक कमावले, तर आपला आकडा न घसरताही आपली जागा जाते.

मुलीला एक गोष्ट अवश्य सांगा. 2025-26 च्या हंगामापासून पुरुषांच्या स्पर्धेसाठी पेअरवाइजऐवजी एनपीआय हा निर्देशांक आला आहे. जुने नाव लोकांच्या तोंडात बसले आहे, ते काही लगेच जाणार नाही. नव्या पद्धतीत प्रतिस्पर्ध्याची ताकद त्याच्या स्वतःच्या एनपीआयवरून मोजतात, त्यामुळे संगणकाला आकडे स्थिर होईपर्यंत तीच गणिते पुन्हा पुन्हा करावी लागतात. पण स्वतःच्या विजयाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, आपण कोणाशी खेळलो याला महत्त्व, हे तत्त्व बदललेले नाही.

यातून जी गोष्ट निघते ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि हौशी प्रेक्षकांच्या ती सहसा लक्षात येत नाही. जानेवारीनंतर बहुतेक सामने लीगमधल्या लीगमध्ये होतात. घरातल्या घरात पैसे इकडून तिकडे फिरवले, तर घराची श्रीमंती वाढत नाही. तसे लीगमध्ये एकाचा विजय हा दुसऱ्याचा पराभवच असतो आणि पूर्ण लीगची सरासरी जिथल्या तिथे राहते. लीगची पत ठरते ती ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, बाहेरच्या संघांशी झालेल्या सामन्यांत. आपल्या मुलीचा संघ सीसीएचए या लीगमध्ये खेळतो. त्या लीगच्या संघांनी दिवाळीच्या आसपास बाहेरच्यांकडून मार खाल्ला असेल, तर फेब्रुवारीत मिशिगन टेकने त्यांना कितीही हरवले तरी पदरात फार काही पडत नाही. तेव्हा पहाटेचा चहा ठेवायचाच असेल, तर पुढच्या हंगामात तो ऑक्टोबरपासून ठेवा, आणि मिशिगन टेकबरोबर त्याच्या लीगमधल्या शेजाऱ्यांचेही बाहेरचे सामने पाहा. त्या काळात तरी शेजाऱ्याच्या विजयासाठी देव पाण्यात घालून बसायला हरकत नाही.

आशेचे म्हणाल, तर दोन वाटा आहेत. मेरिटची वाट अरुंद झाली असेल, तर लीगच्या अंतिम स्पर्धेची वाट शेवटपर्यंत उघडी असते. सीसीएचएच्या या स्पर्धेचा चषक मेसन कप म्हणून ओळखला जातो. त्यात पहिल्या फेरीत तीनपैकी दोन सामने जिंकावे लागतात, नंतर उपान्त्य आणि अंतिम फेरीत प्रत्येकी एकच सामना. दहापैकी सहा सामने जिंकण्याची कुवत असलेला संघ घेतला, तर पहिली फेरी पार करण्याची त्याची शक्यता सुमारे 65 टक्के येते, तिला .6 ने दोनदा गुणले, की चषकाची शक्यता 23 टक्क्यांच्या आसपास उरते. कुवत निम्मी-निम्मी असेल तर आठात एक. प्रतिस्पर्ध्यापेक्षा उजवा असलेला संघही चारातून जेमतेम एकदा चषक उचलतो, हे ध्यानात ठेवले म्हणजे संकेतस्थळांवरचे टक्के पाहून जीव कासावीस होत नाही. ते टक्केसुद्धा उरलेले सामने संगणकावर हजारो वेळा खेळवूनच काढलेले असतात.

ही दुसरी वाट मिशिगन टेकच्या पायाखालची आहे. 2018 मध्ये मेरिटमध्ये जागा नसताना त्यांनी आपल्या तेव्हाच्या लीगची स्पर्धा जिंकून राष्ट्रीय स्पर्धा गाठली, आणि 2024 मध्ये मेसन कप जिंकला. त्याच 2018 सालची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मेरिटची शेवटची जागा मिनेसोटा-डुलुथला मिळाली आणि मिनेसोटा विद्यापीठ बाहेर राहिले. दोघांच्या आरपीआयमध्ये फरक होता दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या स्थानी अवघ्या एकाचा. पुढे त्याच डुलुथने अंतिम सामन्यात नोत्र दामला 2-1 असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद पटकावले.

प्रश्न : वर्तमानपत्रांसारखीच तिथेही प्रशिक्षक आणि पत्रकारांच्या मतांवर पहिल्या वीस संघांची यादी निघते. या यादीतले स्थान आणि स्पर्धेतली जागा यांचा काही संबंध आहे का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : काहीही नाही. ती यादी म्हणजे जाणकारांचे मत, आणि गप्पांसाठी ती चांगली आहे. निवड निर्देशांकावर होते. निवड समितीचे काम मुख्यतः 16 संघ चार ठिकाणी चार-चार असे वाटून देण्याचे उरते, ज्यात एकाच लीगचे दोन संघ पहिल्याच सामन्यात समोरासमोर येऊ नयेत आणि यजमान विद्यापीठ पात्र ठरले तर ते स्वतःच्या गावी खेळावे, एवढे पाहिले जाते. चार ठिकाणचे चार विजेते एप्रिलमध्ये ‘फ्रोझन फोर’ नावाच्या अंतिम टप्प्यात भेटतात.

प्रश्न : बर्फात गाडलेल्या एवढ्याशा गावाच्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेची स्वप्ने पडावीत, हे जरा जास्तच नाही का? आणि ज्या संघाला आपण समोरासमोर हरवले, तोच आपल्या वर कसा?
— एक वाचक, धुळे

उत्तर : पहिल्या प्रश्नातला उपहास त्या गावाला लागू पडत नाही. मिशिगन टेकचे हॉटन हे तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यातले गाव. विद्यापीठाची सुरुवातही 1885 मध्ये खाणशाळा म्हणूनच झाली. तिथे हिवाळ्यात सरासरी 200 इंचांहून अधिक बर्फ पडतो. आपल्याकडे मार्चात डोक्याला उपरणे गुंडाळून बाहेर पडावे लागते, तेव्हा तिथे अजून फावड्याने अंगण मोकळे करणे चालू असते. विसाव्या शतकाच्या आरंभी पैसे घेऊन खेळणाऱ्या खेळाडूंचा हॉकी संघ याच गावात उभा राहिला, आणि मिशिगन टेकने 1962, 1965 व 1975 अशी तीनदा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आहेत. तिन्ही वेळा प्रशिक्षक जॉन मॅकिनेस होते, आणि आजचे स्टेडियम त्यांच्याच नावाचे आहे.

दुसरा प्रश्न रास्त आहे. पेअरवाइजमध्ये एकास एक तुलनेत थेट सामन्यातल्या विजयांना स्वतंत्र गुण मिळत, त्यामुळे आरपीआय किंचित कमी असूनही, ज्याला दोनदा हरवले त्याच्याविरुद्धची तुलना संघ जिंकू शकत असे. एनपीआयमध्ये एकच आकडा आहे, आणि त्यात तो विजय हंगामातल्या इतर विजयांसारखाच मिसळून जातो. हिशेब त्यामुळे स्वच्छ झाला, हे मान्य. पण आखाड्यात ज्याची पाठ मातीला लावली, तो यादीत वर बसलेला पाहिला, की मलाही ते खटकते, आणि या बाबतीत मला जुनी पद्धतच अधिक पटत असे.