साडेचारला नको, उजाडल्यावर निघ

प्रिय पोरी,

रविवारी पहाटे साडेचारला निघून नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात सायकलने जाऊन येतेस म्हणालीस. जा, जरूर जा. पण साडेचार कशाला गं? थंडीत लांब जायचं म्हटलं की नवी मंडळी हमखास असली वेळ सांगतात, जणू अंधारात निघाल्याशिवाय राइड मोजलीच जात नाही. जानेवारीत नाशिकला सूर्य सात-सव्वासातला उगवतो आणि सगळ्यात कडक गारठा उजाडण्याच्या सुमारास असतो. म्हणजे साडेचारला निघालीस तर पुढचे अडीच तास पारा उतरतच जाणार. पावणेसातला निघ.

दुसरं कारण उसाचं. निफाडच्या बाजूला आता तोडणीचे दिवस आहेत. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, आणि मागे बहुतेकदा ना दिवा ना रिफ्लेक्टर. अंधारात समोरच्या गाडीचा हेडलाइट डोळ्यांवर आला की ही ट्रॉली अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. उजेडात ती निमूट ओलांडता येते. मात्र उजाडल्यावरही एक गोष्ट ध्यानात ठेव. तू पूर्वेकडे चाललेली असशील, त्यामुळे सूर्य वर आला की अर्धा-पाऊण तास तो थेट डोळ्यांत. मागून येणाऱ्या ड्रायव्हरच्याही डोळ्यांत तोच सूर्य, आणि त्याला तू दिसणार नाहीस. तेवढा वेळ रस्त्याकडेच्या टपरीवर चहा घे. मागचा लाल दिवा दिवसाही लुकलुकता ठेव.

कपड्यांचं सोपं आहे. दारातून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दारातच ऊबदार वाटलं तर पाचव्या किलोमीटरला घाम येईल आणि त्या ओल्या कपड्यांवर वारा लागला की हुडहुडी भरेल. दहा अंशांत ताशी पंचवीसच्या वेगाने गेलीस तर अंगाला सात अंशांसारखं वाटतं, म्हणून वारा अडवणारा एक थर पुरतो. स्वेटरवर स्वेटर नको. बोटं, कान आणि गुडघे मात्र झाक. गार पडलेल्या बोटांनी ब्रेक नीट दाबला जात नाही. छातीवर, विंडचीटरच्या आत, कालचं वर्तमानपत्र घडी करून घाल. युरोपातले जुने रेसर घाट उतरताना हेच करायचे. ऊन चढलं की काढ आणि टपरीवाल्याला देऊन टाक, भजी बांधायला कामी येईल.

आता वेग. नाशिकमध्ये सायकलचं वेड आधीपासूनच होतं, पण महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या टीमने अमेरिका आडवी पार करायची 'रेस अॅक्रॉस अमेरिका' पुरी केल्यापासून नव्या पोरांना पहिल्याच दिवशी वेगाचे आकडे हवे असतात. जरा हिशेब कर. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, पुरी करायला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे चहा-पंक्चर सगळं धरून ताशी पंधराहून कमीच. तुझं येऊन-जाऊन ऐंशीच्या घरात. त्या हिशेबाने साडेपाच तास झाले. तुला कुणी कप देणार नाहीये, घाई कसली?

पहिला तास हलक्या गिअरवर काढ. पाय भरभर फिरू देत, जोर लावू नकोस. थंडीत गुडघे उशिरा मोकळे होतात आणि जड गिअर ओढल्याचा हिशेब संध्याकाळी जिना चढताना कळतो. शिवाय हिवाळ्यात वारा बहुतेकदा पूर्वेकडून असतो. जाताना तो अंगावर आणि येताना पाठीशी, हे आपलं नशीब. ऊन तापायला लागलं की तो वाढतो, तेव्हा तुझं तोंड घराकडे असेल असं बघ.

चांदोरी-सायखेड्याच्या पट्ट्यात नदीकडे उतरलीस की एकदम गार झोत लागेल. घाबरू नकोस. गार हवा जड असते, रात्रभर ती सखल जागी साचते, आणि चार पेडल मारून वर आलीस की पुन्हा बरं वाटतं. निफाडचा पारा दर हिवाळ्यात पेपरात येतो तो उगाच नाही. त्याच पट्ट्यात द्राक्षबागांत धूर दिसेल. पाक भरत आलेले मणी कडाक्याच्या थंडीत तडकतात, म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, वेलींना पाणी सोडतात. तो धूर वर चढत नाही, कमरेएवढ्या उंचीवर आडवा पसरून राहतो. तिथे गळ्यातला बफ, म्हणजे तो कापडी पट्टा, तोंडावर ओढ आणि नाकाने श्वास घे. बघण्यासारखं असतं ते, पण घसा धरतो.

पाण्याची आठवण थंडीत शरीर करून देत नाही. तहान नसली तरी दर पंधरा मिनिटांनी दोन घोट. बाटलीत कोमट पाणी भरून ने. पहिल्या तासानंतर थोडं-थोडं खात राहा: केळं, राजगिऱ्याचा लाडू, गूळ-शेंगदाणे. मिसळ परत आल्यावर. तर्री पोटात घेऊन चाळीस किलोमीटर पेडल मारणं ही शिक्षा आहे. आणि टपरीवर शेकोटी असेल तर दहा मिनिटांवर बसू नकोस, उठवत नाही मग.

बायकांची अडचण कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. स्वच्छतागृह मिळत नाही म्हणून पाणी कमी पिणं हा उपाय नव्हे. पेट्रोल पंप दिसला की गरज नसली तरी थांब. लाइव्ह लोकेशन आईला पाठव.

अभयारण्याकडच्या चापडगावाशी पोचायला साडेनऊ-दहा वाजतील. पहाटेची लगबग हुकेल, पण बदकं कुठे जात नाहीत. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे गाळ साचून हे पाणथळ झालंय. १९८६ पासून अभयारण्य आहे आणि महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा हीच. मनोऱ्यावर चढ, दुर्बीण भाड्याने मिळाली तर घे, तलवार बदकं आणि थापटे बदकं ओळखून ये. तासभर तरी बस. कालव्याकडेच्या कच्च्या वाटेने मात्र सायकल नेऊ नकोस. बाभळीचे काटे. तरीही दोन ट्यूब, पंप आणि टायर काढायच्या पट्ट्या बरोबर असू देत, आणि शनिवारपर्यंत घरी एकदा चाक काढून बसवून बघ. गार पडलेल्या बोटांनी रस्त्यावर ते पहिल्यांदा करायची वेळ येऊ नये.

तुझ्या मागच्या ब्रेकचा परवा करकर आवाज येत होता. पॅड संपलेत बहुतेक. शनिवारी चारनंतर सायकल घेऊन ये, मी घरीच आहे.

तुझी,
मावशी