सुक्कोथ या सणाला ज्यू लोक घराबाहेर मांडव का घालतात? त्याचे नियम काय असतात?

कारणं दोन. पहिलं शेतीचं: खळ्यातलं धान्य आणि द्राक्षकुंडातला रस घरात आला की सात दिवस सण करा, असं बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 16व्या अध्यायात सांगितलंय. दुसरं तिथल्याच ‘लेवीय’ या पुस्तकाच्या 23व्या अध्यायातलं: मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून, सुटलेले पूर्वज मांडवांत राहिले, हे पुढच्या पिढ्यांना कळावं. कोठार भरलेलं असतं नेमकं तेव्हाच पक्कं छप्पर सोडून कच्च्याखाली बसायचं, यातच सगळी गोम आहे.

सण ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या 15 तारखेला, म्हणजे योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या उपासानंतर पाच दिवसांनी येतो. 2026 मध्ये तो 25 सप्टेंबरला सूर्यास्तापासून आहे.

मांडवाला सुक्का म्हणतात. भिंती लाकूड, पत्रा, कापड कशाच्याही चालतात. निदान दोन पूर्ण आणि तिसरीचा तुकडा हवा, उंची कमीत कमी मीटरभर. कापडाचा त्रास एवढाच की ते वाऱ्याने फडफडतं, आणि साध्या वाऱ्याने हलणारी भिंत धरत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत आडव्या दोऱ्या ताणून बांधायच्या. दोन दोऱ्यांमध्ये 24 सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर ठेवायचं.

चुका होतात त्या छपरात. ते जमिनीत उगवलेल्या आणि तोडलेल्या वस्तूंचंच हवं: नारळाच्या झावळ्या, बांबू, फांद्या. मुळावर असलेला वेल चढवला तर चालत नाही. बसायला-झोपायला विणलेली चटई नको, कारण ती वापरातली वस्तू झाली. छपरासाठीच केलेली बांबूची तट्टी बहुतेक ठिकाणी चालते. आत उन्हापेक्षा सावली जास्त पडली पाहिजे. वर थेट आकाश हवं, त्यामुळे झाडाखाली किंवा वरच्या मजल्याच्या गॅलरीखाली घातलेला मांडव कितीही सुंदर असला तरी फुकट. आणि आधी भिंती, मग छप्पर. हा क्रम उलटा करू नये. एवढं झालं की जेवणं तिथेच, जमेल तिथे झोपणंही.

या सणात हातात ‘लिंबासारखं फळ’ही धरतात. ते एत्रोग, आपल्याकडच्या महाळुंगाच्या जातीचं फळ. सोबत खजुरीची न उलगडलेली एक झावळी, मर्टल या सुवासिक झुडपाच्या तीन आणि वाळुंजाच्या दोन डहाळ्या. झावळीचा कणा स्वतःकडे करून उजवीकडे मर्टल, डावीकडे वाळुंज बांधतात. ही जुडी उजव्या हातात, फळ डाव्या हातात. आशीर्वाद म्हणेपर्यंत फळ उलटं धरायचं, मग सुलटं करून चार दिशांना, वर आणि खाली हलवायचं. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, हे घेत नाहीत, म्हणून 2026 मध्ये पहिला दिवस, शनिवार, सोडून रविवारपासून.

एत्रोग निवडताना टोकाचा दांडा बघा. मुळातच नसेल तर हरकत नाही, पण होता आणि मोडला तर पहिल्या दिवशी फळ बाद. मर्टलची तीन-तीन पानं एकाच पेरातून फुटलेली हवीत. सगळ्यात आधी मान टाकतं ते वाळुंज. ओलसर फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. पाण्यात बुडवून ठेवलं तर पानं काळी पडतात. मधे एकदा बदलावं लागतंच.

कोकणातल्या बेने इस्रायलांकडे, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंकडे, पूर्वी तिश्रीतच ‘खिरीचा सण’ असे. त्याचं नातं सुक्कोथशी जोडलं जातं, आणि मला ते पटतं.

या सणाला पाण्याचंही अंग आहे. यरुशलेमच्या मंदिरात या दिवसांत वेदीवर पाणी ओतत, कारण तिथला पावसाळा यानंतरच सुरू होतो. तरी पावसाची प्रार्थना मात्र सात दिवस संपल्यावरच्या आठव्या दिवसापर्यंत थांबते: सणातच पाऊस आला तर मांडवात बसणार कोण? आणि आलाच, जेवण नासेल इतका, तर घरात जायची मुभा आहे. भिजत बसणं पुण्याचं मानत नाहीत. पहिल्या रात्री तेवढं जरा थांबून बघतात. मुंबईत सप्टेंबरअखेर परतीचा पाऊस असतोच, तेव्हा वर सरकवता येणारं प्लास्टिक ठेवावं. पण जेवायला बसताना ते बाजूला केलं पाहिजे. प्लास्टिक तसंच राहिलं तर ते मांडवात बसणं धरत नाहीत.