वाटणी झाली, पण विचारलं कुणाला?

या महिन्यात आलेल्या पत्रांत तीन पत्रं अशी निघाली की तिन्हींच्या तळाशी एकच विचारणा आहे, हे रास्त आहे का? एक शेताचं, एक नाटकाचं, एक उसाच्या तोडीचं. जागेसाठी पत्रं थोडी कापलीत, नावं छापत नाही.

प्रश्न : मॅडम, माझं माहेर कागल तालुक्यातलं, मला इचलकरंजीला दिलंय. वडील २०११ ला वारले. वडिलोपार्जित तीन एकर शेत आणि वडिलांनी स्वतः बांधलेलं घर आहे, मृत्युपत्र नाही, वाटणीही झालेली नाही. आता भाऊ म्हणतात हक्कसोडपत्रावर सही कर, तुझ्या लग्नात खर्च झालाय. आई धाकट्याकडं असते, तिचं आजारपण सगळं वहिनी बघते. सही नाही केली तर माहेर तुटंल, केली तर मनाला पटत नाही. हिस्सा मागणं चूक आहे का?

उत्तर : ताई, चूक अजिबात नाही. आधी कायद्याचं सांगते म्हणजे मनातली भीती कमी होईल. हिंदू वारसा कायदा १९५६ चा, त्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानंच मुलाइतकी हिस्सेदार झाली. तुमचं लग्न कधी झालं यानं काही फरक पडत नाही, आणि वडील त्या तारखेला हयात असायलाच पाहिजे होते का यावर बरीच वर्षं वाद चालला होता तोही सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० ला मिटवला, हयात असण्याची अट नाही. तुमचे वडील तर होतेच. आणि घर त्यांच्या स्वकमाईचं, मृत्युपत्र नाही, म्हणजे तिथं आई, दोघे भाऊ आणि तुम्ही सगळ्यांचा हिस्सा सारखा. लग्नाचा खर्च म्हणजे हिस्सा दिला असं होत नाही, आणि त्या खर्चात हुंडा धरत असतील तर हुंडा देणं घेणं १९६१ पासून गुन्हाच आहे, तो कसला वाट्यात मोजताय.

पण तुम्ही मला फक्त कायदा विचारलेला नाही हे मला कळतंय. तुम्हाला पटत नाहीये, आणि मला वाटतं ते तीन एकरांमुळं नाही. पत्र दोनदा वाचलं, त्यात कुठंच असं नाही की भावांनी बसून विचारलं, ताई तुझं काय म्हणणं आहे. सगळं ठरवून, कागद तयार करून, मग सहीला बोलावलं. मला स्वतःला अन्याय इथंच दिसतो. कोर्टाचा सगळ्यात जुना नियम हाच आहे की ज्याच्या विरोधात निकाल जाऊ शकतो त्याचं ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, आणि जो स्वतः त्यात हिस्सेदार आहे त्यानं न्यायाधीश व्हायचं नाही. तुमच्या घरात दोन्ही नियम मोडले गेलेत.

आता दुसरी बाजूही बघा, कारण सगळ्यांना सारखं दिलं की झालं असंही मी मानत नाही. आपल्या खासबागेत कुस्ती लावताना जोड बघतात, पन्नास किलोच्या पोरासमोर नव्वद किलोचा पैलवान उभा करून दोघांना नियम सारखाच होता असं कुणी म्हणत नाही. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या त्याच्यामागं हीच समज होती. आणि ते नुसतं हुकूम काढून थांबले नाहीत हे मला जास्त मोठं वाटतं, गंगाराम कांबळेंना त्यांनी चहाचं हॉटेल टाकून दिलं आणि स्वतः तिथं थांबून, सोबतच्या मंडळींसकट, चहा प्यायला लागले. हुकूम कागदावर राहतो, चहा रोज प्यायचा असतो.

तसं तुमच्याकडं वहिनी. आईचं पथ्यपाणी, दवाखाना, रात्रीचं उठणं, हे कुठल्याच सातबाऱ्यावर येत नाही. शेतात इतकी वर्षं राबला कोण, पंपाचं बिल भरलं कोण हेही बोललं पाहिजे. या सगळ्याचा विचार करून तुम्ही शेतातला थोडा हिस्सा आपणहून सोडलात तर तो मला रास्तच वाटेल, पण तो वहिनीच्या कष्टासाठी सोडला असं तोंडानं बोलून, कागदावर लिहून सोडा, लग्नाच्या खर्चापोटी नाही. बाकी वाटे पाडायची वेळ आली तर एकानं वाटे करावेत आणि दुसऱ्यानं आधी उचलावा, भांडण निम्मं तिथंच कमी होतं. आईलाही विचारा, हिस्सा तिचाही आहे आणि बहुतेक घरांत तिचं नाव कुणी काढतच नाही.

हक्कसोडपत्र रजिस्टर झालं की मागं फिरणं फार अवघड असतं, त्यामुळं घाईत सही करू नका. फीची काळजी नको, १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे तिथं जा. आणि माहेर तुटण्याचं म्हणाल तर ते जपायची जबाबदारी एकट्या तुमच्यावर का?

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठात एम.ए. करतोय. शूद्रकाच्या मृच्छकटिक या संस्कृत नाटकात चारुदत्ताला वसंतसेनेच्या खुनाच्या खोट्या आरोपात मृत्युदंड होतो आणि ऐनवेळी तीच जिवंत येते म्हणून तो सुटतो. हा न्याय झाला की नुसता योगायोग?

उत्तर : सुटका योगायोगाचीच, तुझं बरोबर आहे. पण नववा अंक परत वाच. न्यायाधीश वाईट नाही. आरोप घेऊन आलेल्या शकाराला तो आधी परत पाठवतो, मग शकार राजाचा मेहुणा असल्याची धमकी देतो आणि त्याला तक्रार घ्यावी लागते. साक्षी होतात, चारुदत्ताला विचारलं जातं, वसंतसेनेचे दागिने नेमके चारुदत्ताच्या मित्राच्या, विदूषकाच्या काखेतून खाली पडतात. रीत सगळी पाळली जाते. न्यायाधीश हद्दपारी सुचवतो, राजा मृत्युदंड देतो. म्हणजे ऐकून घेतलं तरी पुरत नाही, ऐकणाऱ्याची खुर्ची कुणाच्या मुठीत आहे हेही बघावं लागतं.

मला त्यात सगळ्यात जवळचे वाटतात ते दहाव्या अंकात चारुदत्ताला वधाला नेणारे दोघं चांडाळ. त्यातला एक सांगतो की बापानं मरताना बजावलंय, मारायची पाळी तुझी आली तर घाई करू नको, कदाचित कुणी भला माणूस पैसे भरून सोडवेल, राजाला मुलगा होईल, हत्ती सुटून गोंधळ उडेल, नाहीतर राजाच बदलेल. ज्यांना त्या गावात कुणी काही विचारत नव्हतं त्यांच्या तोंडी शूद्रकानं नाटकातलं सगळ्यात शहाणं बोलणं दिलंय, आणि साहित्यातला न्याय मला इथं दिसतो, शेवट गोड होण्यात नाही. महाभारतात मला पणाला लावायचा हक्क होता का, या द्रौपदीच्या प्रश्नाला द्यूताच्या सभेत धड उत्तर मिळालंच नाही, कौरव भावांतला एकटा विकर्ण तिच्या बाजूनं बोलला आणि त्यालाही गप्प केलं, तरी प्रश्न आपल्यापर्यंत पोचलाच ना.

आणि ती घाई न करण्याची रीत आपल्या कायद्यातही आहे, सेशन्स कोर्टानं फाशी सुनावली तरी हायकोर्टानं कायम केल्याशिवाय ती देता येत नाही. ते हायकोर्ट आपल्यासाठी मुंबईला होतं, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालं, सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांचा मुंबईचा हेलपाटा वाचला. हीपण ऐकून घेण्याचीच गोष्ट आहे.

प्रश्न : राधानगरी रोडला आमचं गाव. उसाची लागण आमची आधीची, कारखान्याकडं नोंद आधीची, पण तोड मागून लागणवाल्याला मिळाली. चिटबॉयला, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला विचारलं तर म्हणतो तोडणाऱ्या टोळीला खुशाली, म्हणजे वरचे पैसे द्या. द्यावी का?

उत्तर : देऊ नका असं मी म्हणीन, पण तुरा आलेला ऊस रानात वाळताना बघणाऱ्याला असं सांगणं सोपं नाही हेही मला माहितीय. वजन घटतं ते तुमचं घटतं. एकट्यानं भांडू नका, गटातल्या सभासदांनी मिळून गट ऑफिसला लेखी द्या की लागणीच्या तारखेप्रमाणं नोंदींची यादी बाहेर बोर्डावर लावा, यादी सगळ्यांना दिसली की मधे घुसवलेलं नाव लपत नाही. आणि टोळीवर राग काढू नका. आगाऊ उचल घेऊन, लेकरंबाळं घेऊन पालात राहणाऱ्या माणसांना तोडणीचा दर ठरवताना कोण विचारतं? कारखान्याच्या वार्षिक सभेत यादीचा विषय काढाल तेव्हा त्यांच्या दराचाही काढा, दोन्ही एकाच अर्जात लिहिलं तरी चालेल.