जुन्या खडीच्या गिलाव्यावर नवा थर : सभासदाने काय करावे?

प्रश्न : मुलुंड पूर्वेतील आमची गृहनिर्माण संस्था 1974 सालची असून बाहेरच्या भिंतींना मूळचा खडीचा गिलावा, म्हणजे पेबल डॅश आहे. तो काढून नवा सँडफेस, म्हणजे वाळूसारख्या खरखरीत पृष्ठभागाचा गिलावा करण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत झाला. आता खर्च वाचवण्यासाठी खडी तशीच ठेवून तिच्यावरच गिलावा चढवायचे समितीने ठरवले आहे. माझ्या पश्चिमेच्या भिंतीला ओल आहे. हरकत घेतली की ‘आधी वर्गणी भरा’ असे सांगितले जाते. मी वर्गणी थांबवून काम रोखू शकतो का?

उत्तर : वर्गणी थांबवू नका. बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती ही आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण संस्थांसाठीच्या नमुना नियमांनुसार, संस्थेची जबाबदारी आहे आणि सभेने मंजूर केलेली वर्गणी न भरल्यास आपण थकबाकीदार ठराल. मग आपली हरकत कितीही रास्त असली तरी चर्चा फक्त आपल्या थकबाकीची होईल. ‘हरकत राखून रक्कम भरत आहे’ असे पत्र देऊन, त्याच्या प्रतीवर संस्थेची पोच घेऊन पैसे भरावेत.

आपली बाजू खरी भक्कम आहे ती ठरावामुळे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 72 नुसार संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेकडे असतो, त्यामुळे सभेने जुना गिलावा काढण्यास मंजुरी दिली असेल तर समितीने तो परस्पर तसाच ठेवणे म्हणजे ठरावाची अंमलबजावणी नव्हे, तर ठरावात केलेला बदल होय. म्हणून प्रथम सभेच्या इतिवृत्ताची आणि मंजूर निविदेची प्रत लेखी अर्ज करून, शुल्क भरून मागून घ्या. निविदेत ‘जुना गिलावा तोडणे व राडारोडा वाहून नेणे’ ही बाब बहुधा स्वतंत्र दराने दिलेली असते. ती असेल आणि ते काम होणारच नसेल, तर तेवढी रक्कम कंत्राटदाराच्या बिलातून वजा होणार आहे का, हे समितीला लेखी विचारा. अशा वादांत बहुतेक वेळा हाच प्रश्न सर्वांत परिणामकारक ठरतो.

जुन्या गिलाव्यावर नवा गिलावा करण्यास कायद्याने सरसकट मनाई नाही, हेही सांगितले पाहिजे. जुना थर विटेला घट्ट धरून असेल, धुऊन स्वच्छ केला असेल आणि चिकटपणासाठी योग्य रसायनाचा हात दिला असेल, तर एखादा अभियंता त्यास मान्यता देऊ शकतो. मात्र 20 मिलिमीटर जाडीच्या सिमेंट गिलाव्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 40 किलो भरते आणि हा सगळा भार जुन्या थराच्या पकडीवर येतो. भिंतीवर हातोडीने हलके ठोकत गेल्यास जिथे बद्द, पोकळ आवाज येतो तिथे तो थर भिंतीपासून सुटलेला असतो, आणि त्यावर टाचे मारून, म्हणजे पकडीसाठी खाचा पाडून, केलेला गिलावाही त्याच्यासकट खाली येण्याचा धोका राहतो. शिवाय ओल, तडे आणि गंजलेल्या सळ्या नव्या थराआड झाकल्या जातात. आपल्या भिंतीला आधीच ओल असल्याने ही तपासणी परांची बांधल्यावर लगेच, गिलावा सुरू होण्यापूर्वी व्हावी आणि तिची तारखेसह छायाचित्रे आपल्याकडे असावीत. एकदा भिंत झाकली गेली की हा पुरावा परत मिळत नाही.

इमारत 30 वर्षांहून जुनी असल्याने मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 353ब खाली महापालिकेकडे नोंदणी असलेल्या संरचना अभियंत्याकडून तिची तपासणी करून घेणे संस्थेवर बंधनकारक आहे. तो अहवाल मागा, आणि खडीवर थर चढवण्यास त्याच अभियंत्याची लेखी संमती आहे का ते विचारा. गिलाव्यासाठी वेगळी परवानगी लागते का, अशी शंका येऊ शकते. त्याच अधिनियमाच्या कलम 342 मध्ये गिलावा आणि रंगकाम किरकोळ दुरुस्तीत धरलेले आहे, त्यामुळे ती सहसा लागत नाही. इमारत वारसा यादीत असेल तर मात्र बाह्यरूप बदलण्याआधी त्याची वेगळी परवानगी पाहावी लागेल.

समितीने दाद दिली नाही, तर एक पंचमांश सभासदांच्या सह्यांनी सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 76 खाली विशेष सर्वसाधारण सभेची मागणी करा. समितीने ती एका महिन्यात बोलावली पाहिजे. त्याच वेळी प्रभागाच्या सहकारी संस्था उपनिबंधकांकडे तक्रार नोंदवता येते. गिलावा दोन-चार दिवसांत सुरू होणार असेल तर सभेची वाट न पाहता सहकार न्यायालयात त्याच अधिनियमाच्या कलम 91 खाली वाद दाखल करून तात्पुरती मनाई मागावी. अभियंत्याचा प्रतिकूल अहवाल हाती असल्याशिवाय मनाई मिळणे कठीण असते, म्हणून परवडत असेल तर स्वतःच्या खर्चाने एक स्वतंत्र अभियंता आणावा.

समितीला लिहिताना आणखी एक गोष्ट नमूद करा. उद्या गिलाव्याचा तुकडा कोणाच्या अंगावर पडला तर भरपाईची जबाबदारी संस्थेवर येऊ शकते. इमारतीच्या दुरुस्तीतील निष्काळजीपणा भारतीय न्याय संहितेच्या कलम 290 खाली गुन्हा आहे आणि त्यात मृत्यू झाल्यास कलम 106 लागू शकते. पूर्वसूचना लेखी मिळूनही दुर्लक्ष केले, असे दिसल्यास समितीला बचाव करणे अवघड जाईल. म्हणून हे पत्र सचिवांच्या हाती तोंडी निरोपासारखे न देता स्पीड पोस्टने पाठवा.

सभेने खडीवरच थर देण्यास नव्याने मंजुरी दिली, तर आपला आग्रह कराराच्या अटींवर असावा : दोषदायित्वाचा, म्हणजे कामातील दोष कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून देण्याचा, कालावधी निदान दोन पावसाळे झाकणारा असावा, तोपर्यंत बिलातील काही रक्कम राखून ठेवलेली असावी आणि अंतिम बिल अभियंत्याच्या प्रमाणपत्रावरच अदा व्हावे. काम सदोष निघाल्यास संस्था ग्राहक आयोगाकडे जाऊ शकते, मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत.