दाढेवर काळा ठिपका आहे, पण दुखत नाही. कीड घरच्या घरी बरी होईल का?

दुखत नाही म्हणून निश्चिंत राहू नका. मी राहिलो होतो. दाढेवर मोहरीएवढा काळा डाग, रोज आरशात दिसायचा, पण दोन वर्षं काही त्रास नव्हता. मग एका रात्री दाढ ठणकायला लागली ती उजाडेपर्यंत. वेळेत गेलो असतो तर सिमेंट भरून सुटलो असतो. त्याऐवजी रूट कॅनाल झालं आणि वर कॅप बसली.

इनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थरात, नसा नसतात, त्यामुळे कीड तिथे असेपर्यंत काही कळत नाही. खालच्या मऊ थरात उतरली की थंड-गोड झोंबायला लागतं आणि आतल्या नसेपर्यंत पोचली की ठणका.

घरी परतवता येते ती फक्त पहिली पायरी, म्हणजे दातावरचा खडूसारखा पांढरट डाग. तिथली खनिजं गेलेली असतात, पण खड्डा पडलेला नसतो, म्हणून लाळ आणि पेस्टमधलं फ्लोराइड ती झीज भरून काढू शकतात. खड्डा मात्र आपोआप बुजत नाही. इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात उगवल्यावर उरतच नाहीत. लवंगेच्या तेलाने जागा थोडा वेळ बधिर होते, एवढंच. (तुमचा ठिपका खाचेतला नुसता डागही असू शकतो, ते डेंटिस्ट बघून, लागलं तर एक्स-रे काढून सांगतील.)

मी तर डॉक्टरबाईंना छातीठोकपणे सांगितलं होतं, गोड खात नाही म्हणून. त्यांनी विचारलं, "दिवसभर तोंडात काय असतं?" पेपरमिंटच्या गोळ्या! एक संपली की दुसरी. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात, पीएच (आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागतं, आणि लाळेला ते आम्ल निवळायला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. माझ्या लाळेला तेवढी उसंतच मिळत नव्हती. त्यापेक्षा जेवणासोबत एकदाच गोड खाल्लेलं परवडलं.

गोळ्या सुटल्या. रात्रीचा ब्रश चुकवत नाही, कारण झोपेत लाळ कमी सुटते. पेस्ट 1000 ते 1500 पीपीएम फ्लोराइडची, आणि ब्रश झाल्यावर नुसतं थुंकतो, चूळ भरत नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं. दातांच्या फटींत ब्रश पोचत नाही, तिथे फ्लॉस, म्हणजे फटींत फिरवायचा बारीक दोरा. त्याचा कंटाळा मला अजूनही येतो.

तुम्ही या आठवड्यातच दाखवून घ्या. गाल सुजला किंवा ताप आला तर त्याच दिवशी.